घंटा दोन मिनिटं उशिरा

बावड्यात सकाळी साखर कारखान्याकडनं मळीचा वास येतोय,
त्यात शाळंची मुतारी मिसळती.
झाडू घेऊन मी आधी तिच्या मागच्या भिंतीपाशी जातो.
चंदेरी पुड्या, दुमडून दगडाखाली सारलेल्या.
एखादी व्हाइटनरची बाटली, टोपन नसलेली.
कोन टाकतंय म्हायती न्हाई,
असं मी हेडबाईंना सांगतो.
म्हायती असतंय.
शिपायाला सगळं म्हायती असतंय,
पोरं त्याला खांबागत धरत्यात, बोलत राहत्यात.

यंदा गुरुवारी शेवटच्या तासाला
सातवी ब मध्ये मास्तर नसतोय.
आठवीतली चौघं येऊन फळ्याम्होरं उभारत्यात:
रेश्मा कोरवी, मुबीन बागवान, त्यो उंच प्रज्योत,
आनि बिरदेव, ज्याला अजून चौदाचा पाढा येत न्हाई.
ह्यांनी काय शिकवायचं,
म्हनून मी दाराला टेकलो.

बिरदेवनं फुफ्फुस काढलं.
ते वांगं झालं.
पोरं बाक बडवून हसली.
मुबीननं वांगं पुसलं, हात चड्डीला पुसला,
म्हनाला, "मी खाल्लोय. पाचवीत असताना.
गोड लागतंय.
पयल्यांदा गरगरलं, दुसऱ्यांदा न्हाई गरगरलं,
तिसऱ्यांदा मीच मागितलो."

पंख्याचा कुरकुर आवाज तेवढा.
इतकी गप पोरं मी
निकालादिवशीबी बघितलेली न्हाई.

मागनं कोन तरी बोललं, "मग सुटलं कसं?"
"सुटतंय कुठलं.
रोज न्हाई म्हनतोय.
काल दोनदा म्हनलो."

मग रेश्मा पुढं झाली.
"आता मी सांगतो," म्हनाली, आमच्या पोरी बोलत्यात तशी,
"तोंडाची पन तालीम असती.
घुमल्याबिगर अंग तयार हुतंय व्हय?
एकानं द्यायचं, एकानं न घ्यायचं.
पन पोरानं पोराला दिलं की हसू येतंय.
देनारा मोठा मानूस पायजे."
आनि सगळा वर्ग दाराकडं वळला.

कागदात खडू गुंडाळून माझ्या हातात दिला.
समोर तीर्थराज पोवार, चष्मा नाकावर घसरलेला.
मी हात पुढं केलो.
"घे की रे.
एकदानं काय हुतंय?
बाप्या हैस का न्हाईस?"

हे मला कुनी लिहून दिलं नव्हतं.
जिभंवर तयारच हुतं.
शिरोलीच्या फौंड्रीत, भट्टीमागं,
तेरा वर्षाचा हुतो, ज्यानं म्हटलं
त्याचं नाव ध्यानात न्हाई,
वाक्य हाय.
पुढं तेच मी धाकट्या भावाला दिलो.
त्याच्या गालाचं काय झालं
ते हितं सांगत न्हाई.

तीर्थराज पाठ केलेलं विसरला.
माझ्या अंगठ्याकडं बघत बसला,
चुन्यानं खाल्लेल्या नखाकडं.
प्रज्योत मागनं ओठ हलवून सांगतोय, ह्याला ऐकू जाईना.
माझा हात तसाच, लांब.
हात मागं कसा घ्यायचा असतोय
हे मला कुनी शिकवलं नव्हतं.

मग त्यो हळूच म्हनाला,
"मामा, घंटा द्यायची झाली की."

वर्ग फुटला हसून.
"ह्येबी चालतंय!" रेश्मा वरडली,
"विषय बदलायचा! लिवून घ्या रे!"

मी पळालो.
दोन मिनिटं उशीर झालेला.
व्हरांड्यात टोल म्होरं लटकतोय,
एका हातात खडू, दुसरा हात खिशावर,
खिशात खरी पुडी.
हातोडा कुठल्या हातानं उचलायचा
घटकाभर कळलंच न्हाई.

शाळा सुटली. पोरं ढकलाढकली करत गेली.
जाता जाता रेश्मा फाटकात थांबली.
"पुढच्या गुरुवारीबी देनारा तुम्हीच, मामा.
तुमच्यावानी खरं
कुनाला जमत न्हाई."